कंट्रोलर की टीकॅस, ऐकायचं कोणाचं?

कोणीतरी लिहिलंय की कंट्रोलर (जमिनीवरून विमानांना सूचना देणारा) खाली जा म्हणतोय आणि टीकॅस (विमानातली टक्कर टाळायला इशारा देणारी यंत्रणा) वर जा म्हणतंय तर अनुभवी पायलटने परिस्थिती बघून ठरवावं. नाही हो, इथेच तर घोळ होतो. दोन्ही विमानांचे टीकॅस एकमेकांशी बोलून ठरवतात, एकाला क्लाइंब (वर जा) तर दुसऱ्याला डिसेंड (खाली जा), म्हणजे तुम्ही उलटं गेलात तर समोरच्याच्या वाटेतच जाता. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनला हेच झालं. रशियन टुपोलेव्हला कंट्रोलरने खाली जायला सांगितलं, काही सेकंदात टीकॅस क्लाइंब ओरडायला लागलं, क्रू खालीच जात राहिला, आणि डीएचएलचं बोइंग ७५७ स्वतःच्या टीकॅसचं ऐकून तेही खाली. ७१ माणसं गेली. कंट्रोलर बिचारा तेव्हा एकटाच दोन स्क्रीन सांभाळत होता, त्यात त्याने टुपोलेव्हला समोरच्या विमानाची दिशाही चुकीची सांगितली.

आता नियम स्पष्ट आहे, आरए (टीकॅसचा वर जा किंवा खाली जा असा थेट आदेश) आला की आरएच ऐकायचा. टीकॅसकडून नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' (जवळ दुसरं विमान आहे) आलं तर फक्त तयारीत राहायचं, नजरेने शोधायचं पण त्यावरून विमान वळवायचं नाही. आरए आला की साधारण पाच सेकंदात, बहुतेक विमानांत ऑटोपायलट काढून, हलक्या हाताने नाक डिस्प्लेवर दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्यात न्यायचं, जोरात ओढाओढी नको (केबिनमध्ये लोक उभे असतात). रेडिओवर 'टीकॅस आरए' एवढंच. ते ऐकलं की पायलटकडून 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) येईपर्यंत कंट्रोलरनेही त्या विमानाला वर-खाली करायला सांगायचं नसतं.