बॉटांना दोष देऊन आपण सुटतो का?

मूळ धागा

खोटी बातमी पसरली की बॉटांकडे, म्हणजे माणसाऐवजी संगणकप्रणालीने चालणाऱ्या खात्यांकडे, बोट दाखवून आपण मोकळे होतो. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष मात्र वेगळेच सांगतात. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला आणि बॉट वगळले तरी हा फरक टिकला. खोट्यात नावीन्य असते, आणि ‘हे मला आधी कळले’ हा मोठेपणा पाठवणाऱ्याला फुकट मिळतो. म्हणून पुढे पाठवणेच अवघड करावे, असे माझे मत आहे. वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातले. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले होते.

प्रतिसाद १

असहमत. आपण प्रवास मोजता आणि परिणाम गृहीत धरता. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात, २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातील सुमारे १६,००० मतदारांची ट्विटर खाती तपासली होती. बनावट बातम्यांच्या संकेतस्थळांवरील मजकुरापैकी जवळजवळ ८० टक्के मजकूर केवळ ०.१ टक्का खात्यांनी पसरवला होता. मूठभर लोकांच्या खोडीपायी सर्वांच्या संवादाला लगाम का घालायचा? शिवाय बंधनाला खरे-खोटे कळत नाही. पुराची खरी सूचनाही त्यात अडकते.

प्रतिसाद २

दोघांनीही असे धरून चालले आहे की, खोटे पटवून देणे हाच अपप्रचाराचा हेतू असतो. अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन, धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, एवढेच सांगितले. लोकांनी निर्धास्त व्हावे असे नव्हे, नुसते साशंक राहिले तरी विक्री चालणार होती. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा गोवराची लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा लेख १९९८ चा, अवघ्या १२ मुलांवर बेतलेला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. तोवर ‘काहीतरी असेलच’ ही शंका घराघरांत मुरली होती, आणि ती मुरायला व्हॉट्सॲपची गरज पडली नव्हती. ‘आला तसा पाठवला, खरेखोटे माहीत नाही’ ही संदेशाखालची ओळ पाहा: पाठवणाऱ्याने जबाबदारी झटकलेली असते, तरीही वाचणाऱ्याच्या मनात किल्मिष उरतेच.

मूळ लेखक

शंकेचा मुद्दा मान्य आहे, पण ती मुरते कशी? वारंवार कानावर पडलेले विधान अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांतून दिसत आले आहे. तेव्हा ०.१ टक्का खाती हा दिलासा नव्हे. तीच खाती तेच ते रोज ऐकवतात, आणि आपण सवयीने पुढे ढकलतो.

प्रतिसाद १

मग बंधन त्या खात्यांवर घाला, सगळ्यांच्या बोटांवर कशाला? माझा आक्षेप तेवढाच होता आणि तो कायम आहे.