बाई पैसे घेत नाहीत, तुम्ही काय केलं असतंत? (अनुभव धागा)

आमच्या हायस्कुलातल्या गणिताच्या बाईंना फेब्रुवारीत स्तनाचा कॅन्सर निघाला. कुडाळ तालुक्यातलं गाव, विनाअनुदानित तुकडी. पगार काय असतो ते शिक्षक मंडळींना सांगायला नको, आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल वगैरे भानगड आमच्या वाट्याला येतच नाही. परळला टाटामध्ये उपचार सुरू झालेत, केमोच्या दोन सायकल झाल्या. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात बऱ्यापैकी पैसे जमवले. पाकीट घेऊन मी गेले. बाईंनी चहा केला, पाकीट माझ्याच पर्समध्ये परत घातलं आणि म्हणाल्या, "पोरांकडसून पैसे मी घेवचंय नाय." मी त्यांची बारा वर्षांची सहकारी, त्याआधी त्यांचीच विद्यार्थिनी. पुढे तोंड उघडलं नाही.

तुमच्या गावात, शाळेत असं काही झालं असेल तर लिहा. कौतुकाचं नको. चुका, भांडणं, काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं, ते हवंय.

बार्शी भागातून, दूध संकलनवाला

आमच्या सरांना गालाचा कॅन्सर झाला. सर मावा खायचे. वर्गात आम्हाला तंबाखू न खाण्याची शपथ द्यायचे आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं जायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मदतीसाठी मारुतीच्या देवळात बैठक बसली तेव्हा एकजण उठून म्हणाला, "स्वतःच्या तोंडानं आणलेलं दुखणं, गावानं का भरायचं?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण पुडी माझ्या खिशातच होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या पोराला पाढे कुणी शिकवले रं?" मग वर्गणी सुरू झाली.

सर झेडपीचे, म्हणजे बिलं मंजूर होणार. पण कधी? मूळ पावत्या, सिव्हिल सर्जनची सही, मग फाईल टेबलाटेबलावर फिरणार. म्हणून ठरलं की गावानं द्यायचं ते उसनं, बिल निघालं की सर परत करणार. उसनं म्हटल्यावर सरांनी मान डोलावली. कुडाळच्या ताई, हे तुमच्यासाठी सांगतोय. शब्द बदलला की हात पुढं येतो.

पैशापेक्षा अवघड होतं रोजचं जाणं. ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) घ्यायचे होते, आठवड्यात पाच दिवस, एकूण तीस. आमच्या नशिबानं बार्शीतच नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, मुंबई गाठावी लागली नाही. (बार्शीत 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. त्यामुळं आमच्या भागात विचारपूस करायला माणसं येतात, हा शब्द आम्हाला नवा नाही.) माझी दुधाची गाडी रोज सकाळी बार्शीला जातेच. सर केबिनमध्ये बसायचे. पहिले दोन आठवडे गप्पा मारत गेलो. तिसऱ्यात मानेची कातडी काळी पडली, थुंकी चिकट झाली, बोलणं बंद. दुधाच्या वासानं मळमळायचं, म्हणून मी कॅन मागं ताडपत्रीखाली बांधायला लागलो. बोलायचं असलं की फॅट लिहायच्या पावतीच्या पाठीवर लिहायचे. एकदा मला वाटलं काही त्रास होतोय, गाडी बाजूला घेतली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "गाडीवर 'शितकरण' लिहिलंयस. शी दीर्घ." पेंटरला बोलावून दुरुस्त केलं.

मावा मी सोडला का? दोनदा सोडला.

लालबाग, मुंबई

आमच्या सरांना रक्ताचा कॅन्सर होता. पैसे होते, माणसं हवी होती. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे एकदाच शंभर जणांचं शिबिर घेऊन भागत नाही. आम्ही पहिली चूक तीच केली. ग्रुपवर "अर्जंट" टाकलं, एकाच दिवशी तेवीसजण हॉस्पिटलात हजर, लागले दोघे. पुढच्या आठवड्यात खरी गरज पडली तर फोन उचलायला कोणी नाही.

मग एकाने वही केली. रक्तगट, वजन (पन्नास किलोच्या वर लागतं), दारावर रात्रीबेरात्री थाप मारली तर चालेल का, आणि शेवटची प्लेटलेट कधी दिली. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं आणि पुन्हा द्यायला किमान 48 तास जावे लागतात. आदल्या दिवशी अंगदुखीवर ॲस्पिरिन घेतलेला एक जण परत आला, तेव्हा वहीत तोही रकाना वाढला. रोज दोघेच "ड्यूटीवर". बाकीच्यांनी घरी बसायचं, हीच मदत.

नाशिक, निवृत्त शिक्षिका

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. माझ्या केमोत लाल औषध होतं, लघवीसुद्धा लाल होते, ते आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर येतात. आणि नेमक्या त्या दिवसांत, काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) उतरलेले असताना, अख्खी शाळा भेटायला येते. शहाळी, डाळिंबं, गव्हांकुराचा रस, कोणाच्या तरी मामाला गुण आलेली पुडी. एक पालक सर्दी घेऊनच आले आणि वर पायावर डोकं ठेवलं. त्यानंतर मला ताप भरला, चार दिवस ॲडमिट. त्यांचंच इन्फेक्शन होतं असं म्हणत नाही. पण राग आला होता, अजून आहे.

कामाला काय आलं सांगू? शेजारच्या मुलीने दारावर पाटी लावली, "बाई झोपल्या आहेत". आणि एका विद्यार्थ्याने माझं लाइट बिल, गॅस, पाणीपट्टी सहा महिने परस्पर भरली. मला कळलं तेव्हा उपचार संपले होते. मग भांडले त्याच्याशी.

डबे आले तर मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा. तोंड आलेलं असताना तिखट पोह्यांचा डबा बघूनच रडू येतं. कच्ची कोशिंबीर नको.

कॅलिफोर्निया

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. इथे सगळं छान असेल असं वाटत असेल तर ऐका: स्वतःची आजारपणाची रजा संपली की, पुढचे काही महिने बदली शिक्षिकेचा पगार आजारी शिक्षिकेच्या पगारातून कापतात. कायदाच तसा आहे. माझ्या सहकारी बाईंना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही रजा दिल्या. बऱ्याच शालेय डिस्ट्रिक्टमध्ये रजेची बँक असते, त्यात आपले दिवस टाकायचे. मी चार दिले. कोणी किती दिले हे त्यांना कळत नाही. पैशाचं पाकीट त्यांनीही घेतलं नसतं असं मला वाटतं.

सातारा, नाव नको

आमच्या एका गुरुजींना मदत म्हणून एका मंडळाने मोठा चेक दिला. कार्डबोर्डचा, फोटोपुरता. गुरुजींचं टक्कल, नाकातली नळी, सगळं फ्लेक्सवर चौकात लागलं. त्यांची नात त्याच चौकातून शाळेत जायची. एवढंच लिहितो.

पुणे, खजिनदार होतो

दोन गोष्टी. खातं कोणा एकाच्या नावावर ठेवू नका, दोन सह्यांचं ठेवा, आणि जमाखर्चाचा फोटो दर रविवारी सगळ्यांना पाठवा. आमच्यात भांडण पैसे खाल्ल्यावरून झालं नाही, हिशेब उशिरा दिल्यावरून झालं. दुसरी गोष्ट कोणी आधी बोलत नाही. आमच्या बाई गेल्या. खात्यात रक्कम उरली. घरच्यांना द्यावी, परत करावी, की दुसऱ्या पेशंटला? सहा महिने वाद चालला. वर्गणी मागतानाच एक ओळ लिहिली असती तर वाचलो असतो.

आणि गोळा करण्याआधी योजना तपासा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का, मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज होतो का, टाटात असाल तर तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसी मोफत आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. नंबर लागायला वेळ जातो, आधी चौकशी करा.

पुन्हा मी, कुडाळहून

सगळ्यांचं वाचलं. रेल्वेचं आम्हाला माहीतच नव्हतं, दोन वेळा कोकणकन्येचं पूर्ण भाडं भरलं. आता पुढच्या खेपेचं तिकीट एक माजी विद्यार्थी खिडकीवर जाऊन काढणार आहे. दादरला पहाटे उतरल्यावर टॅक्सीपर्यंत बॅग घ्यायला लालबागचेच एक दादा येतो म्हणालेत.

पाकीट मात्र परत नेलं नाही. बार्शीच्या दादांचं ऐकून एक दोनशे पानी वही नेली. वर "उसनवार" लिहिलं, खाली आमच्या पोरांनी नावं आणि रकमा मांडलेल्या, शेवटी बेरीज. बाईंच्या डोक्याला रुमाल होता, चेहरा उतरलेला. वही घेतली, चश्मा लावला. मला वाटलं आता परत करतील. नावं वाचत गेल्या, एका नावावर हसल्या, "ह्यो नापास झाललो." शेवटच्या पानावर थांबल्या आणि लाल पेन मागितलं.

एक लाख सत्तावीस हजाराचे एक लाख सदतीस केले. "हातचो एक विसारलस," म्हणाल्या, आणि वही उशाखाली ठेवली.