विषय: वाचनालयातील कोडिंग वर्ग कोणासाठी?

सप्रेम नमस्कार मंडळी,

उन्हाळी कोडिंग वर्गाविषयी कार्यकारिणीने सभासदांची मते मागवली आहेत. हा वर्ग केवळ आपल्या मराठी शाळेपुरता न ठेवता सार्वजनिक वाचनालयात भरवावा आणि निम्म्याहून अधिक जागा त्या परिसरातील स्पॅनिशभाषक कुटुंबांच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते. आपल्या मुलांना आई, बाबा किंवा काका यांपैकी कोणी ना कोणी घरातच प्रोग्रॅमिंग करताना दिसते. त्या मुलांपैकी अनेकांच्या घरी हुशारी भरपूर असली, तरी ही वाट दाखवणारे कोणी नसते.

सिल्व्हिया असेवेदो यांचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस येथे मेक्सिकन वंशाच्या, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात त्या वाढल्या. गर्ल स्काउट्स या अमेरिकेतील मुलींच्या संघटनेच्या शिबिरात ही मुलगी ताऱ्यांकडे टक लावून पाहत आहे, हे पथकाच्या मार्गदर्शिकेने हेरले, तिला नक्षत्रे ओळखायला शिकवले आणि पुढे विज्ञानाचा बिल्ला मिळवण्यास प्रोत्साहन दिले. त्यासाठी तिने छोटे रॉकेट उडवून दाखवले. त्याच मुलीने अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत व्हॉयेजर २ मोहिमेवर काम केले, स्टॅनफर्डची पदव्युत्तर पदवी मिळवली, आयबीएममध्ये नोकरी केली आणि २०१६ ते २०२० या काळात गर्ल स्काउट्सचे प्रमुखपद सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीत अगदी बालवाडीच्या मुलींसाठीसुद्धा सायबर सुरक्षेचे बिल्ले सुरू झाले. बुद्धिमत्ता तर होतीच; पण कोणाचे तरी वेळेवर लक्ष गेले, याचे मोल मला अधिक वाटते.

शिकवण्यासाठी एमआयटीने २००७ साली खुले केलेले स्क्रॅच, म्हणजे आदेशांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची मुलांसाठीची भाषा, पुरेसे आहे. ते मोफत असून वाचनालयाच्या संगणकांवर ब्राउझरमध्येच चालते. वरच्या पट्टीतील सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदलली की सगळे ठोकळे स्पॅनिशमध्ये दिसू लागतात, आणि मुलगी पडद्यावरच्या मांजराला १० पावले चालवते तेव्हा शेजारी बसलेल्या आईलाही ते वाचून समजते.

आपली,
मराठी शाळेची एक शिक्षिका

---

माननीय ताई,

सूचनेला माझे अनुमोदन आहे, मात्र एक भर घालावीशी वाटते. शिकवणारे सगळे आपण आणि शिकणारी सगळी ती मुले, अशी मांडणी झाल्यास पहिल्या दिवशी वर्ग भरेल आणि नंतर मुले गळत जातील. शिकवणाऱ्यांमध्ये त्यांच्याच समाजातील एक तरी अभियंता स्त्री हवी. माझ्या कार्यालयातील एका सहकारी मैत्रिणीने यायचे कबूल केले आहे. नोंदणी अर्जात मुलाचे नाव, इयत्ता आणि पालकांचा फोन यापलीकडे काहीही विचारू नये, असे तिने आग्रहाने सांगितले. जास्त चौकशी दिसली की कित्येक पालक अर्ज न भरताच परत जातात. स्पॅनिश अर्जाचा मसुदा ती तपासून देणार आहे.

आपला,
कार्यकारिणी सदस्य

---

सप्रेम नमस्कार,

आपली सूचना पूर्णपणे मान्य आहे. वर्गाची वेळही आपल्या मैत्रिणीला विचारूनच ठरवावी, कारण शनिवारी कामावर जाणाऱ्या पालकांना मुलांना केव्हा आणून सोडता येईल, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मसुदा हाती आला की मी वाचनालयाच्या बालविभागाशी बोलते.