मदत हवी आहे: स्लायडर घरीच लावून राहिलो, डाव्या बाजूचं शेवटचं भोक जुळत नाही

मनीषनगर_फोरबायफोर:
नमस्कार मंडळी. बोल्ट-ऑन रॉक स्लायडर आणले (दगडापासून दाराखालचा पत्रा वाचवायला चेसिसला लावतात तो लोखंडी दांडा), वेल्डिंग लागत नाही असं सांगून दिले होते. उजवा सकाळी व्यवस्थित बसला. डाव्याने दुपारपासून डोकं उठवलं आहे. पुढचे दोन ब्रॅकेट बसले, मागच्याचं भोक चेसिसच्या भोकापासून अर्धा बोट पुढे राहून राहिलं. सोबतच्या कागदावरचा फोटो इतका काळा आहे की काहीच कळत नाही. शुक्रवारी आई-बाबांना घेऊन चिखलदऱ्याला निघायचं आहे आणि जुने साइड स्टेप मी काढून ठेवलेत. चेसिसचं भोक ड्रिलने मोठं करू का? लवकर सांगा.

उमरेडरोड:
गाडी कोणती?

मनीषनगर_फोरबायफोर:
थार.

उमरेडरोड:
थार म्हणजे जुनी, 2020 नंतरची तीन दारांची, की पाच दारांची रॉक्स? तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिमी, रॉक्सचा 2850. एकीचा स्लायडर दुसरीला लागत नाही. दुकानदार सगळ्यालाच 'थारचा' म्हणतात.

मनीषनगर_फोरबायफोर:
तीन दारांची, 2022, डिझेल, हार्डटॉप. उजवा बसला म्हणजे किट बरोबरच असणार ना. ड्रिल मारू की नको, तेवढं सांगा.

वाडीनाका_गॅरेज:
भाऊ, चेसिसले ड्रिल लावू नको. पहिले हे सांग, पुढचे दोन बोल्ट फुल टाइट केले का?

मनीषनगर_फोरबायफोर:
हो, टाइट केले. स्लायडर 20-25 किलोचा आहे, सैल ठेवला तर खाली येईल.

वाडीनाका_गॅरेज:
मंग तिथंच अडकलं पाह्य. पुढचे दोन आवळले की स्लायडर त्या दोन भोकांच्या रेषेत पक्का होते. मागं थोडासाही फरक असला तं तो सगळा शेवटच्या भोकावर निघते. सगळे बोल्ट काढू नको, नुसते सैल कर. नट दोन-तीन आटे धरून राहिला पाहिजे. खालून ट्रॉली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेव अन् त्याच्यावर स्लायडर टेकव, म्हणजे पडत नाही. मंग मागच्या भोकात टॉमीचं, म्हणजे लोखंडी दांड्याचं, निमुळतं टोक घालून हळूहळू ओढ. बोल्ट हातानं फिरला पाहिजे. पान्यानं जबरदस्ती केली तं आटे जातील, अन् बंद चेसिसच्या आतला नट फिरला तं तो पकडाले जागा नाही. सगळे हातानं लागले की मधून सुरू करून दोन्हीकडं जात आवळ.

बुटीबोरी_फॅब्रिकेशन:
एवढी झटापट कशाला? ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करा, आयुष्यभराचं काम. मी जिप्सीला वेल्ड करूनच लावले. दगडावर गाडीचं अख्खं वजन एका बाजूला येतं तेव्हा बोल्ट सैल होतातच.

पेंचकाठ:
त्यांनी बोल्ट-ऑन किट घेतलं आहे, वेल्डिंगचं विचारलंच नाही. आणि घरी चेसिसवर वेल्डिंग हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. वेल्डच्या कडेला पत्रा तापून त्याची ताकद बदलते, पुढे तडा तिथूनच सुरू होतो. बॅटरीची निगेटिव्ह न काढता वेल्डिंग केलं तर इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. डिझेलची आणि ब्रेकची नळी चेसिसच्या कडेनेच जाते, ठिणगी कुठे पडेल सांगता येत नाही.

बुटीबोरी_फॅब्रिकेशन:
चांगला वेल्डर असेल तर काही होत नाही. पत्रे जळतात ते नवशिक्यांचे. माझी जिप्सी आजही उभी आहे.

पेंचकाठ:
तुमचा हात चांगला असेल, मान्य. पण विचारणारा पार्किंगमध्ये घरच्या अवजारांनी काम करतो आहे, त्याचं काय? बोल्ट सैल होतात म्हणून ते पुन्हा आवळायचे असतात.

गिरीपेठ_31:
आधी आरटीओचं बघा. अशा गोष्टींवर बंदी आहे, चिखलदऱ्याच्या रस्त्यात पकडलं तर दंड बसेल.

उमरेडरोड:
2017 च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना लिहिलं ते क्रॅश गार्ड आणि बुलबार म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांबद्दल, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार देऊन. स्लायडर दाराखाली असतो, पुढच्या बंपरशी त्याचा संबंध नाही. तरी टायरच्या बाहेर डोकावणारा लावू नये, पायी चालणाऱ्याच्या नडगीला लागतो.

कोराडीकर:
टायर कोणते आहेत? चिखलदऱ्याला जाताय तर ऑल टेरेन घ्या, मी मागच्या उन्हाळ्यात बदलले, गाडीच बदलल्यासारखी वाटते. स्लायडरपेक्षा टायर आधी. आणि कन्हानच्या पात्रात एकदा चालवून बघा, वाळूत खरी मजा आहे.

पेंचकाठ:
कृपा करून पात्रात गाड्या घालू नका. नागपूरच्या नळाला कन्हानचं पाणी येतं. तेलाचा एक थेंबही तिथे नको.

मनीषनगर_फोरबायफोर:
टायर आणि कन्हान नंतर बोलू, माझी गाडी जॅकवर आहे. वाडीनाका भाऊ, सैल करून पाहिलं. अर्ध्याहून जास्त फरक गेला, पण दोन-तीन मिमी अजून राहिला. टॉमीने ओढलं तरी बोल्ट तिरपा लागून राहिला. आणि बोल्ट उन्हाने इतके तापलेत की हात लावता येत नाही.

उमरेडरोड:
जॅकवर म्हणजे फक्त गाडीसोबत आलेल्या जॅकवर? खाली शिरण्याआधी दोन जॅक स्टँड लावा आणि चाकांना दगड. हे आधी करा, बोल्ट नंतर.

वाडीनाका_गॅरेज:
सावली आल्यावर कर, घाई नको. दोन-तीन मिमी राहिलं तं भोक स्लायडरच्या ब्रॅकेटचं लांबट करायचं, चेसिसचं नाही. भोकात पावडर कोटिंगचा थर पाह्य, खूपदा तोच नडते. गोल कानशीनं घास, ग्राइंडर नको. घासल्यावर उघडं लोखंड पुसून झिंक प्रायमर मार, नाहीतर एका पावसात गंज धरते. लांबट भोकावर साधा वायसर चालत नाही, जाड पट्टीचा मोठा वायसर पाहिजे. इतवारीत लोहाओळीत भेटते, बोल्टची साइज सांगशील. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा मार्क लिहिला असला पाहिजे, बिनमार्कचा घेऊ नको.

पेंचकाठ:
आणखी एक पाहा, तुम्ही लिहिलंच नाही. ब्रॅकेट चेसिसला आहेत की बॉडीच्या खालच्या कडेला? थारची बॉडी चेसिसवर रबराच्या माउंटवर बसते, चालताना थोडी हलते. स्लायडर फक्त चेसिसला हवा आणि त्याच्या व दाराखालच्या पत्र्याच्या मध्ये किमान दोन बोटं जागा हवी. टेकला तर पहिल्याच दगडावर तो पत्रा आत दाबतो, आणि दार वाचवायला लावलेली वस्तूच दार बिघडवते. फोटो टाका.

मनीषनगर_फोरबायफोर:
चेसिसलाच आहेत. पुढे दोन बोटं जागा आहे, मागे एक बोट. उजव्याला दोन्हीकडे सारखी आहे.

पेंचकाठ:
मग मागचा ब्रॅकेट चेसिसला पूर्ण टेकलेला नाही किंवा तिरका बसला आहे. ब्रॅकेट आणि चेसिसच्या मध्ये काही अडकलं आहे का, हात घालून पाहा. वायरिंगची क्लिप असते कधी.

मनीषनगर_फोरबायफोर:
होती. वायरिंग धरणारी प्लास्टिकची क्लिप मध्ये दबून राहिली होती. ती वर सरकवली, वायर शाबूत आहे. आता जागा सारखी आली. कोटिंग थोडं घासलं, प्रायमर मारला, बोल्ट हाताने गेला. सगळे लागले. पान्याने आवळलेत, पण किती आवळू?

उमरेडरोड:
साइज?

मनीषनगर_फोरबायफोर:
कागदावर एम 12 आहे, मागचा एम 10.

उमरेडरोड:
8.8 चा बोल्ट, आटे कोरडे धरले तर एम 12 ला साधारण 80 ते 85 न्यूटन मीटर, एम 10 ला 45 ते 50. तेल लावलं असेल तर कमी आवळा, कारण तेलाने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क रेंच (किती आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर टायरच्या दुकानात घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे. आतला नट फिरतोय असं वाटलं तर थांबा आणि इथे लिहा.

वाडीनाका_गॅरेज:
चिखलदऱ्याला निघण्याआधी गावात पन्नासेक किलोमीटर चालव अन् परत एकदा आवळून पाह्य. परत आल्यावर आणखी एकदा. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पेंटची रेघ मार, सरकला तं लगेच दिसते. अन् निघण्याआधी डिझेलची अन् ब्रेकची नळी दबली नाही ना, बोट फिरवून पाह्य.

मनीषनगर_फोरबायफोर:
नळ्या मोकळ्या आहेत. आताच आईला चढून पाहायला सांगितलं, पाय नीट टेकतो तिचा. उद्या सकाळी टायरवाल्याकडे नेतो. मनापासून आभार, विशेषतः वाडीनाका भाऊ आणि पेंचकाठ.

कोराडीकर:
जुने साइड स्टेप विकणार असाल तर सांगा, माझ्या मेव्हण्याच्या थारला हवेत. त्याची 2023 ची पेट्रोल सॉफ्टटॉप आहे, लागतील का?