मदत हवी आहे: डिसेंबरात दोघांची नाशिक सहल, नाटक आधी, बाकीचं त्याभोवती

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं सांगलीचे, मी आणि माझे यजमान. डिसेंबरात चार-पाच दिवस नाशिकला यायचं मनात आहे. नाशिक म्हटलं की जो तो त्र्यंबक, पंचवटी, वणी, शिर्डी अशी यादी हातात ठेवतो. देवदर्शन आम्ही करूच, पण या खेपेला बेत वेगळा आहे. संध्याकाळ नाटकाची आणि दिवस शहराचा. नाटकाच्या तारखा आधी धरायच्या, मग त्याप्रमाणे बाकीचं बसवायचं.

मी बरीच वर्षं इथल्या हौशी संस्थांमध्ये रंगभूषा करते. यजमान बँकेतून निवृत्त झालेत, पण तालमीला चहा घेऊन येणारे आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणारे तेच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला खेळ केला तो आमच्या गावात, त्यामुळे नाटक आमच्याकडे घरचंच असतं. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं भावे नाट्यमंदिरात येतात, ती आम्ही बघतो. तीच नाटकं बघायला इतक्या लांब यायचं नाही. मला नाशिकच्या लोकांनी बसवलेलं नाटक बघायचंय. ज्या गावात शिरवाडकर आणि कानेटकर राहिले, लिहीत राहिले, तिथली आजची पोरं काय करतात, ती कशी उभी राहतात, बोलतात कशी, दाढी-मिशा कशा लावतात (हे मला दहाव्या रांगेतूनही दिसतं, सवयच आहे), ते बघायची फार इच्छा आहे.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर साधारण कधी असते? आमच्या केंद्रावरही ती त्याच सुमारास असते आणि इथल्या एका नाटकाची रंगभूषा माझ्याकडे आहे, म्हणून तारखांचा मेळ घालणं अवघड जातंय. स्पर्धा हुकली तर एरवी हौशी प्रयोग लागतात का, आणि ते बाहेरच्या माणसाला कळतात कसे?

दुसरं, मुक्काम कुठे करावा? नाटक सुटल्यावर दोघांना चालत खोलीवर जाता आलं तर फार बरं. रात्री अनोळखी गावात रिक्षा शोधत उभं राहायला नको वाटतं.

तिसरं, यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं आहे. सपाटीवर तास-दोन तास आरामात चालतात, चढण आली की थांबत थांबत. पांडवलेणी त्यांना जमतील का? ते इतिहासाचे वाचक आहेत. शिलालेख वाचता येत नसला तरी दगडासमोर उभं राहायचंय म्हणतात.

खाण्याचं फार विचारत नाही, मिसळ कुठली चांगली यावर तुमच्यात भांडणं होतील. वाइनरीत आम्हाला रस नाही. थंडी मात्र किती असते ते खरं सांगा. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त.

आगाऊ आभार.

*

गोदाकाठ:

ताई, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. नाशिकला येणारे पाहुणे नाटकाचं विचारत नाहीत.

स्पर्धेची प्राथमिक फेरी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. आमच्या केंद्राचे प्रयोग बहुतेक वर्षी परशुराम साईखेडकर नाट्यगृहात असतात. रोज संध्याकाळी एक नाटक, तिकीट नाममात्र. तारखा सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून येतात आणि हातात यायला उशीर होतो, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी म्हणेन, शनिवार-रविवार धरून बसू नका. तुमचं नाटक झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघा आणि मधल्या वारी या. मधल्या वारीच आमची खरी गर्दी असते. प्रेक्षागृहात अर्धे लोक दुसऱ्या संस्थांचे, मध्यंतरात बाहेर चहाच्या गाडीवर नेपथ्यापासून प्रकाशापर्यंत सगळ्याची चिरफाड. त्या गर्दीत तुम्ही उभ्या राहिलात आणि सांगलीहून आलेय, रंगभूषा करते, एवढंच म्हणालात की पुढच्या सगळ्या प्रयोगांच्या तारखा तुम्हाला आपोआप कळतील. आमच्याकडे यापेक्षा भरवशाची जाहिरात नाही.

साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाच्या आवारात आहे. सावाना म्हणतो आम्ही. १८४० सालची संस्था आहे. नाटक सातचं असेल तर पाचलाच या, वाचनालय बघा. शिरवाडकर या संस्थेच्या कामात कित्येक वर्षं होते. कालिदास कलामंदिर तिथून चालत दहा मिनिटांच्या आत, शालिमारजवळ. मोठी व्यावसायिक नाटकं तिथे लागतात, बहुतेक शनिवार-रविवारी. ते महापालिकेचं आहे आणि २०१८ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं. त्याच्या फलकावर आठवडाभराचे प्रयोग लिहिलेले असतात. जाता-येता नजर टाका.

आणि टिळकवाडीत तात्यासाहेब शिरवाडकरांचं घर आहे, तिथे नक्की जा. इथे त्यांना कुसुमाग्रज कमी लोक म्हणतात, तात्याच म्हणतात. लोकहितवादी मंडळ त्यांनी १९५० मध्ये सुरू केलं आणि आमच्या गावची नाटकं त्यातूनच उभी राहिली. तुम्ही ज्याला नाशिकची आजची पोरं म्हणताय, त्यांच्यातल्या अनेकांचे गुरू किंवा गुरूंचे गुरू त्या मंडळातले.

*

कॅनडा कॉर्नर:

मुक्कामाचं सांगतो. दोन्ही नाट्यगृहं जवळजवळ आहेत, त्यामुळे शालिमार ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) या पट्ट्यात लॉज बघा. खोल्या साध्या, रस्त्याचा आवाज असतो, म्हणून मागच्या बाजूची खोली मागून घ्या. कॉलेज रोड, गंगापूर रोडला हॉटेलं चांगली आहेत, पण मग रात्री रिक्षा आलीच. नाशिकरोड स्टेशनजवळ मुक्काम करू नका, ते गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. दिवसा स्टेशनवरून सिटीलिंकच्या बस मिळतात.

एक सूचना. सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आहे, त्याची कामं जोरात आहेत. रामकुंड, गोदाघाट आणि शहरातले बरेच रस्ते खणलेले. काकांच्या गुडघ्याच्या दृष्टीने पंचवटीत चालताना जपून. काळाराम मंदिरापर्यंत रिक्षा नेते. मंदिर अख्खं काळ्या पाषाणाचं आहे, सकाळी लवकर गेलात तर निवांत बसता येतं. १९३० साली २ मार्चला बाबासाहेब आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच दरवाजांवर. काका इतिहासाचे वाचक आहेत म्हणून सांगितलं, बाकी पर्यटक नुसतं दर्शन घेऊन निघून जातात.

*

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. मधल्या वारी यायचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गोदाकाठ, मध्यंतरातल्या चहाचं वाचून यजमान म्हणाले, तिकीट आजच काढ. लेण्यांचं कुणी सांगेल का? आणि आम्ही पुण्यावरून एसटीने येऊ की मनमाडपर्यंत रेल्वेने? महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीवरून मनमाडला जाते.

*

नेपथ्य:

लेण्यांचं मी सांगते, माझ्या आईला घेऊन गेले होते, तिचेही गुडघे तसेच.

पायऱ्या साधारण दोनशे आहेत. बांधीव आहेत, मध्ये बसायला जागा मिळते. थांबत थांबत गेलात तर अर्धा तास धरा. चढण एकदाच, वर गेल्यावर सगळी लेणी एका ओळीत, एकाच पातळीवर आहेत, फिरायला त्रास नाही. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, म्हणून काठी घ्या. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, हिवाळ्यात आत ऊन फारसं येत नाही आणि दगड गार असतो. त्यामुळे भल्या पहाटे जाऊ नका. दहाच्या सुमारास पोचा.

एकूण चोवीस लेणी आहेत. सगळी बघायचा अट्टहास नको. तिसरं आणि दहावं या दोन लेण्यांत वेळ घालवा, अठरावं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आहे, तेही बघा. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आईने मुलाच्या मागे त्याचे पराक्रम दगडात लिहून ठेवले आहेत. ओसरीच्या बाहेर खाली वाका, सहा पुरुष जमिनीतून अर्धे वर आलेले दिसतील, खांद्यावर ओसरीचा भार घेतलेले. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, ताण वेगळा. ताई, तुम्ही चेहऱ्यांचं काम करता, तुम्हाला ते सोडवणार नाहीत. दहावं लेणं नहपान या क्षत्रप राजाच्या घराण्याचं, त्याच्या जावयाचे दानलेख तिथे आहेत. सातवाहनांनी ज्यांना हरवलं ते हेच. दोन्ही लेण्यांचे दर्शनी खांब जवळजवळ सारखे आहेत, जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या लेण्यासारखंच लेणं खोदवून घेतलेलं दिसतं. काकांना यावर बोलायला संध्याकाळ पुरणार नाही.

मनमाडला उतरून परत मागे यायचं म्हणजे दुसरी गाडी किंवा एसटी आलीच. मी पुण्यावरूनच या म्हणेन, कारण तो रस्ता सिन्नरवरून येतो. सिन्नरला गोंदेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकाच्या आसपासचं, भूमिज शैलीतलं, भोवती चार छोटी मंदिरं. गर्दी नसते. एसटीने सिन्नरला उतरा, रिक्षाने मंदिर बघा, पुढच्या गाडीने नाशिक. तीस किलोमीटर राहतं फक्त.

*

निफाडकर:

थंडीचं विचारलंत म्हणून लिहितो. नाशिक शहरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला त्याहूनही खाली. कडाका वाढला की आमच्याकडे रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. दुपारी मात्र ऊन चांगलं असतं, स्वेटर हातात घेऊन फिरावं लागतं. नाटक सुटायच्या वेळेला कान झाकायला काहीतरी हवंच. ताईंनी शाल आणावी, काकांनी कानटोपी.

एक सकाळ मोकळी ठेवा आणि नांदूर मधमेश्वरला या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा पाणथळ प्रदेश आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. शहरातून दीड तास. चापडगावच्या बाजूने सगळं सपाट आहे, काकांना काही अडचण नाही. गावातली पोरं दुर्बीण घेऊन सोबत येतात, त्यांना सोबत घ्याच. थापट्या बदकं, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या लांबून नुसते ठिपके वाटतात, पोरगा दुर्बीण लावून देतो तेव्हा थापट्याची ती चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवी फिरताना दिसते. सूर्य उगवताना पोचायला हवं, म्हणजे आदल्या रात्रीचं नाटक लवकर सुटणारं निवडा.

द्राक्षं खायला मिळतील या आशेने येऊ नका. डिसेंबरात ती आंबटच. फेब्रुवारीत या, मग पेटीच देतो.

*

कॅनडा कॉर्नर:

त्र्यंबक करायचंच असेल तर सोमवार आणि नाताळ ते एक जानेवारी हा काळ टाळा. तासन् तास रांगेत उभं राहणं काकांना झेपणार नाही. वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. नहपानाचं नाव लेण्यात वाचून आलेल्या माणसाने ते चुकवू नये. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारून ती परत चलनात आणली होती, तो मोठा साठा जोगळटेंभीला सापडला, आपल्याच जिल्ह्यात.

*

धागाकर्ती:

यजमानांनी हे वाचल्यापासून वही काढली आहे. तर असं ठरतंय. आमचं नाटक झालं की तिसऱ्या दिवशी निघायचं, वाटेत सिन्नर. मुक्काम शालिमारजवळ, मागची खोली. सलग तीन संध्याकाळी साईखेडकर. एक दिवस लेणी, दुसऱ्या दिवशी पंचवटी आणि तात्यासाहेबांचं घर, तिसऱ्या दिवशी अंजनेरी, जमलं तर त्र्यंबक. नांदूर मधमेश्वर शेवटच्या सकाळी. त्या आदल्या रात्री नाटक लांबलं तर पक्षी राहतील, नाटक सोडून उठणार नाही.

एकच राहिलं. प्रयोगानंतर रंगपटात जाऊन रंगभूषा करणाऱ्यांना भेटलेलं चालतं का? आमच्याकडे परीक्षक निघून जाईपर्यंत कुणाला आत सोडत नाहीत.

*

गोदाकाठ:

आमच्याकडेही तसंच. परीक्षक गेले की मागच्या दाराने या, कुणी अडवणार नाही. नाटक उतरवताना सगळे दमलेले असतात, पण सांगलीच्या रंगभूषाकार आल्यात म्हटल्यावर पोरं स्पिरिट गमची (दाढी-मिशा चिकटवायच्या डिंकाची) बाटली हातात घेऊनच प्रश्न विचारतील. वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी इथे टाकतो, तोवर एसटीचं आरक्षण करू नका.