स्कॉट फ्रॉस्ट: नेब्रास्काने घरच्या मुलाचा बळी दिला की तोच कमी पडला?

लिंकनचा_जुना_विद्यार्थी
एमएस करताना मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनमध्ये होतो. शनिवारी नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरचा सामना असला की किराणा आम्ही शुक्रवारीच भरून ठेवायचो, कारण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर संघाच्या लाल रंगाशिवाय काही दिसायचं नाही. मेमोरियल स्टेडियममध्ये त्या दिवशी जेवढी माणसं असतात, तेवढी वस्ती ओमाहा आणि लिंकन सोडली तर राज्यातल्या एकाही गावाची नाही. १९६२ पासून तिथली तिकिटं प्रत्येक सामन्याला संपतात.

अशा ठिकाणी २०१७च्या डिसेंबरात स्कॉट फ्रॉस्टला मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. वुड रिव्हर या छोट्या गावातला मुलगा, नेब्रास्काचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांच्या १९९७च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. २०१५ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ बाराच्या बारा सामने हरला होता. फ्रॉस्टने प्रशिक्षक म्हणून दोन वर्षांत त्याच संघाला १३-० वर नेलं, म्हणजे १३ विजय, पराभव एकही नाही. नेब्रास्काने सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलर दिले. पुढे काय झालं? १६ विजय, ३१ पराभव, आणि २०२२च्या सप्टेंबरात हकालपट्टी.

माझं म्हणणं असं, की त्याला नावाला प्रशिक्षक म्हणून आणलं, खरं तर तारणहार म्हणून आणलं होतं. ४२ वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर अख्ख्या राज्याचं गतवैभव ठेवलं, आणि ते पेललं नाही म्हणून त्याला अपयशी ठरवलं.

नीरजा_ओमाहा
नाही पटलं. ओझं होतं, पण ओझ्याने सामने हरत नाहीत. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेले त्याचे सामने बघा: ५ जिंकले, २२ हरले. २०२१ मध्ये नऊ पराभव झाले, सगळे एक आकडी फरकाने. म्हणजे संघ बरोबरीचा होता. शेवटच्या दहा मिनिटांत किक चुकायची, चेंडू हातातून सुटायचा, नको तिथे दंड व्हायचा. पाच हंगाम त्याच चुका होत असतील तर तो प्रशिक्षणाचा दोष आहे.

डब्लिनचा सामना मी रात्रभर विसरू शकले नव्हते. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी होती. अशा वेळी चेंडू लांब मारून समोरच्याला द्यायचा, इतकं साधं काम. याने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू मुद्दाम आखूड मारून आपणच परत मिळवायचा. तो मिळाला नॉर्थवेस्टर्नला, आणि सामना ३१-२८ असा गेला. हा निर्णय त्याच्या डोक्यावर कुठल्या गतवैभवाने लादला होता?

मैदानाबाहेरून
दोघंही २०१८ पासून मोजताय. मी २००३ पासून मोजेन. तेव्हाचे प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना त्या वर्षी ९ विजय, ३ पराभव असताना काढलं! २०१४ मध्ये बो पेलिनीला नऊ विजयांवर काढलं. नऊ विजय ज्यांना कमी वाटले, त्यांना नंतर चार-पाच विजयांची सवय झाली. त्यात २०११ मध्ये विद्यापीठ बिग टेन या विद्यापीठ संघांच्या दुसऱ्या गटात गेलं. आधी टेक्ससच्या संघांशी नेहमीचे सामने असायचे, त्यामुळे तिथली पोरं नेब्रास्काकडे वळायची. राज्यात स्वतःचे खेळाडू मुळात थोडे. तो झराच आटला. यातलं काहीही फ्रॉस्टने केलेलं नाही.

नीरजा_ओमाहा
सोलिच यांच्यावर अन्याय झाला, शंभर टक्के. पण खेळाडूच नव्हते म्हणावं तर संघ तीस-चाळीस गुणांनी हरायला हवा होता. तीन-तीन गुणांनी हरणाऱ्या संघाकडे खेळाडू असतात.

लिंकनचा_जुना_विद्यार्थी
नीरजाताई, डब्लिनबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती किक मलाही पटली नाही. पण घरचा म्हणून त्याला वेळ मिळाला, असं म्हणणाऱ्यांनी निरोप कसा दिला तेही पाहावं. जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडण्याची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. पंचाहत्तर लाख जादा गेले तरी चालतील, पण हा माणूस आणखी तीन आठवडे नको! परक्यावर कुणी इतकं चिडत नाही.

नीरजा_ओमाहा
चिडले, कारण आधी चार हंगाम गप्प बसले होते. दुसरा कुणी ३-९ वर २०२१ मध्येच गेला असता. याचा पगार तेवढा कमी केला आणि ठेवलं. तुम्ही ज्याला बळी म्हणता, त्याला इतरांपेक्षा एक संधी जास्तच मिळाली.

मैदानाबाहेरून
एक आठवण सांगतो. १९९७ मध्ये याच मेमोरियल स्टेडियममध्ये क्वार्टरबॅक फ्रॉस्टची घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. समोर संघ होता सेंट्रल फ्लोरिडा. त्याच वर्षी त्याने नेब्रास्काकडून खेळत १३-० करून दाखवलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याला परत बोलावलं तेही सेंट्रल फ्लोरिडानेच.