रिव्हरसाइडच्या जागी मॉल: रेसट्रॅक हा वारसा नाही का?

चौथा गिअर (धागाकर्ता):
मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. मोरेनो व्हॅलीच्या मॉलमध्ये खरेदीला जाणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींना पत्ताच नसतो की तिथे १९५७ ते १९८९ रिव्हरसाइडचा मोटार शर्यतींचा ट्रॅक होता. १९६० ची अमेरिकन ग्रां प्री (फॉर्म्युला वनची शर्यत) तिथे झाली, ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने जिंकली. जवळच ऑन्टारिओला इंडियानापोलिसच्या जुन्या ट्रॅकच्या धर्तीवर अडीच मैलांचा ट्रॅक होता, तो १९८० मध्ये बंद पडला. फोंटानाला पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९७ मध्ये उभा राहिलेला ट्रॅक २०२३ च्या शर्यतीनंतर पाडला. तिन्ही ट्रॅक जमिनीच्या भावाने गिळले. जुनी थिएटरं, जुनी स्टेशनं आपण जपतो, मग ट्रॅक का नाही? इंडियानापोलिसला १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तोच न्याय बाकीच्यांना का नको?

हिशेबी:
ऑन्टारिओ तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातं. तो ट्रॅक बॉण्ड (कर्जरोखे) काढून बांधला होता आणि दहा वर्षांत कर्जापायी बुडाला. भाव नंतर आला, आधी गल्ला रिकामा होता. इंडियानापोलिस वाचलं ते दर्जामुळे नाही. दुसऱ्या महायुद्धात शर्यती बंद होत्या, ट्रॅकवर रान माजलं होतं. १९४५ मध्ये टोनी हलमन या उद्योजकाने तेव्हाचा मालक रिकनबॅकरकडून तो विकत घेतला आणि स्वतःचा पैसा ओतला. दर्जा त्यानंतर ४२ वर्षांनी आला.

घाटवळण:
मला पैशापेक्षा माणसांची काळजी आहे. इंडियानापोलिसचा पहिला पृष्ठभाग खडी आणि डांबराचा होता. ऑगस्ट १९०९ च्या शर्यतींत तो उखडला आणि पाच जण गेले. मग त्याच वर्षी ३२ लाख विटा बसवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला १९४८ मध्ये गावातल्या रस्त्यांवर शर्यत सुरू झाली. १९५२ मध्ये बघायला आलेला एक लहान मुलगा दगावला, तेव्हा कुठे शर्यत गावाबाहेर गेली. पुढे कायमचा ट्रॅक झाला, तरी तिथेच १९७३ मध्ये सेव्हर आणि १९७४ मध्ये कोइनिग हे दोन ड्रायव्हर लोखंडी कठड्यांवर आदळून मेले. यातलं एखादं रूप 'वारसा, हात लावायचा नाही' म्हणून तसंच ठेवलं असतं तर?

चौथा गिअर:
जपणं म्हणजे हात न लावणं, असं मी म्हणत नाही. इंडियानापोलिसवर १९६१ मध्ये उरलेल्या विटांवरही डांबर पडलं, फक्त अंतिम रेषेशी एक यार्ड रुंदीची विटांची पट्टी ठेवली. धक्का शोषणाऱ्या भिंती २००२ मध्ये पहिल्यांदा तिथेच बसल्या. दर्जा मिळाल्यानंतर, बरं का. कॅलिफोर्नियातल्याच लगुना सेका ट्रॅकचं कॉर्कस्क्रू वळण बघा: चढ चढून ड्रायव्हर माथ्यावर येतो तेव्हा पुढचा रस्ता दिसतच नाही. डावीकडे गाडी टाकायची आणि लगेच उजवीकडे, तोवर ट्रॅक सुमारे १८ मीटर खाली गेलेला असतो. तो डोंगर आहे म्हणून ते वळण आहे, दुसरीकडे नेता येत नाही. आणि ती जागा टिकली, कारण ती मॉन्टेरी काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या) मालकीची आहे.

शांत गल्ली:
काउंटीच्या मालकीनेही सगळं सुटत नाही. आवाज आणि वाहतुकीवरून २०२३ मध्ये रहिवाशांच्या गटाने काउंटीलाच कोर्टात खेचलं. 'ट्रॅक आधीपासून होता, घर घेताना बघायचं होतं' हे मला पटत नाही. गाड्यांचा कार्यक्रम वाढत गेला तर जुन्या रहिवाशाने काय करायचं?

पिटस्टॉप:
नॉर्थ कॅरोलिनातलं नॉर्थ विल्क्सबरो विसरू नका. १९४७ चा ट्रॅक, १९९६ मध्ये नॅस्कारने (स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेने) पाठ फिरवली, बाकं कुजली, झाडं उगवली. राज्याच्या निधीतून दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये ऑल-स्टार शर्यत परत आली. म्हणजे इच्छा असली की मढंही उठतं.

हिशेबी:
१.८ कोटी डॉलर लागले त्याला, तेही कोविडच्या मदतनिधीतून! ट्रॅक जिवंत झाला याचा मलाही आनंद आहे. पण तो पैसा रोगराईत होरपळलेल्यांसाठी होता. वर्षातून एक-दोन मोठ्या शर्यती आणि बाकी दिवस रिकामी आसनं, यासाठी करदात्याने किती द्यायचं याचा आकडा धागाकर्त्याने सांगावा.

चौथा गिअर:
आकडा नाही, अट सांगतो. जमीन सार्वजनिक, देखभाल शर्यतीच्या उत्पन्नातून. लगुना सेकाला लष्कराकडून जमीन काउंटीला मिळाली, तसं रिव्हरसाइडलाही कुणी जमीन धरून ठेवली असती तर मॉल दोन मैल पुढे झाला असता आणि कुणाचंही काही बिघडलं नसतं.